पावणेचार एकर, तीस फूट

जानेवारीत पत्रपेटीत एक साधं पांढरं पाकीट आलं. आमच्या मागच्या कुंपणापलीकडची पावणेचार एकरांची जागा निवासी आहे, तिचं झोनिंग, म्हणजे जागेत काय करता येईल याचा नियम, बदलून तिथे रोपं विकायची नर्सरी काढायची आहे, शेजाऱ्यांनी गुरुवारी संध्याकाळी लायब्ररीच्या हॉलमध्ये यावं, असं त्यात लिहिलं होतं. मी पत्र हातात घेऊन तशीच मागच्या दाराने बाहेर गेले आणि कुंपणाशी उभी राहिले. पलीकडे एक जुनं विटांचं घर, पिकानची (अक्रोडासारखं फळ देणारी) दोन झाडं आणि बाकी सगळं गवत. तिथे रोपांच्या रांगा दिसायला लागल्या मला.

आम्ही उत्तर कॅरोलिनात राहतो, रॅलीच्या दक्षिणेला, एका लहान गावात. माझं आजोळ वाईचं. परसात आजीची गवती चहा, कढीपत्ता, अनंत, कण्हेर अशी गर्दी असायची, आणि कुणाच्या घरी फांदी आवडली की ती मागून आणून खोचायची, एवढीच काय ती नर्सरी. इथली माती लाल, पण आपल्या कोकणासारखी भुसभुशीत नाही. ओली असली की फावड्याला चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. या मातीत पहिली तीन वर्षं माझं काहीही जगलं नाही. मग शनिवारच्या बाजारात एक नवरा-बायको भेटले, रोपं घेऊन बसणारे. खड्डा खोल नको, रुंद घे, आणि लागवड वसंतात करण्यापेक्षा पानगळीच्या दिवसांत कर, हे मला त्यांनी शिकवलं. ही नर्सरी तेच दोघे काढणार होते.

त्यांच्याकडूनच मी मिल्कवीड आणलं. हे आपल्या रुईच्या कुळातलं. शनिवारी मारुतीला वाहतो त्या रुईवर आपल्याकडे जी केशरी फुलपाखरं अंडी घालतात, त्यांचेच नातलग म्हणजे इथले मोनार्क, आणि त्यांच्या अळ्या मिल्कवीडशिवाय दुसरं काही खात नाहीत. माझा कढीपत्ताही त्यांच्याच प्लास्टिकच्या घरात वाढलेला. कढीपत्ता इथे सहज मिळत नाही. तो लिंबू-मोसंबीच्या कुळातला. या कुळातल्या बागा मारणाऱ्या रोगाचे जंतू एक बारीक किडा पसरवतो, आणि तो किडा कढीपत्त्यावरही बसतो. म्हणून फ्लोरिडासारख्या राज्यांतून रोप बाहेर पाठवण्यावर केंद्र सरकारचे निर्बंध आहेत. जवळपास कुणीतरी वाढवलेलं रोप मिळणं ही आपल्या लोकांसाठी किती मोठी गोष्ट आहे, हे फोडणी देणाऱ्यांना सांगायला नको.

तेव्हा त्या गुरुवारी मी गेले ती बाजूने बोलायलाच. विरोध करणारे लोक म्हणजे झाडांचे वैरी, अशी माझी समजूत होती.

हॉलमध्ये वीस-बावीस माणसं होती. समोरच्या भिंतीवर नकाशा लावलेला. पहिल्या रांगेत आमच्या डाव्या हाताच्या शेजारीण आजी. वय ऐंशीच्या पुढे, पन्नास वर्षांपासून त्याच घरात. नवरा गेला तेही त्याच घरात. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "फुलांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण माझी झोपायची खिडकी त्या हद्दीपासून साठ फुटांवर आहे. ट्रक मागे येताना जो पीं पीं आवाज करतो, तो सकाळी सहाला असेल का सातला?"

कुणाला उत्तर देता आलं नाही. मग एकेक प्रश्न निघाला. नर्सरी म्हणजे फक्त रोपं, का खडी, माती, लाकडाच्या सालींचे ढीगही? ते लोडरने भरणार का? डिसेंबरात ख्रिसमसची झाडं विकणार का? हे राज्य त्या झाडांच्या उत्पादनात देशात ऑरेगनच्या खालोखाल दुसरं आहे, त्यामुळे हा प्रश्न उगाच नव्हता. रात्रीचे दिवे? खताचं पाणी मागच्या ओढ्यात जाणार का? तो ओढा पुढे न्यूस नदीला मिळतो आणि त्या खोऱ्यात ओढ्याकाठी पन्नास फुटांचा पट्टा राखायचा नियम आहे. आणि आमच्यातल्या निम्म्यांच्या घरी बोअरचं पाणी आहे.

त्या दोघांचे चेहरे उतरले. मलाही वाईट वाटलं, पण प्रश्न खोटा एकही नव्हता.

मग एका गृहस्थांनी विचारलं, "अर्ज कुठल्या झोनसाठी आहे?" उत्तर आलं: सर्वसाधारण व्यापारी.

मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. दुसऱ्या दिवशी गावाच्या नियोजन विभागात फोन केला. तिथल्या बाईंनी मला अर्धा तास दिला, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी नियमावलीतला तक्ता उघडायला लावला. आमच्या बाजूचा झोन 'आर-40' म्हणजे चाळीस हजार चौरस फुटांना, जवळजवळ एकराला, एक घर. सर्वसाधारण व्यापारी झोनच्या रकान्यात नर्सरी होतीच, पण त्याच रकान्यात पेट्रोल पंप होता, गाड्या धुण्याचं केंद्र होतं, गाडीतूनच खाणं घ्यायची हॉटेलं होती. त्या म्हणाल्या, "गावाची कौन्सिल नर्सरीला मंजुरी देत नाही. जमिनीचा झोन बदलते. उद्या हे दोघे जमीन विकून गेले, तर या रकान्यातलं काहीही तिथे येऊ शकतं, आणि त्यासाठी पुन्हा सुनावणी लागणार नाही."

झोन माणसाला मिळत नाही, जमिनीला मिळतो. मी त्या दोघांच्या प्रेमापोटी बोलायला निघाले होते, आणि विषय त्यांचा नव्हताच. विषय त्यांच्या नंतरच्या मालकाचा होता, जो कोण असेल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्यात अजून एक गाठ. 2024 च्या डिसेंबरात या राज्यात कायदा झाला: एखाद्या जमिनीवर परवानगी असलेले उपयोग कमी करायचे असतील, तर गावाला ते मालकाच्या लेखी संमतीशिवाय करता येणार नाही. म्हणजे एकदा व्यापारी केलेली जमीन 'चुकलं, परत निवासी करू' असं म्हणून मागे घेण्याचा रस्ता जवळपास बंद. पूर्वी शेजाऱ्यांच्या हातातही एक दोरी होती. पुरेशा शेजाऱ्यांनी सही करून हरकत घेतली, की मंजुरीला तीन चतुर्थांश मतं लागत. ती तरतूद 2015 मध्ये रद्द झाली. आता साधं बहुमत पुरतं. म्हणून जे काही बोलायचं, लिहून घ्यायचं, ते मतदानाच्या आधी.

या सगळ्यात मला माझ्या पुण्याच्या भावाची आठवण येत होती. आपल्याकडे विकास आराखड्याच्या नकाशावर निवासी भाग पिवळा असतो आणि शेती हिरवी, आणि बातमी येते ती बहुतेक वेळा हिरव्याचं पिवळं झाल्याची. आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 खाली हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, सुनावणी द्यावी लागते आणि शेवटचा शिक्का राज्य सरकारचा असतो. भाऊ म्हणतो, वर्तमानपत्रात ती जाहिरात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत येते आणि कळतं तेव्हा मुदत संपलेली असते. इथेही वर्तमानपत्रात लागोपाठ दोन आठवडे सूचना छापतातच, आणि तीही कुणी वाचत नाही. पण लगतच्या मालकांना पत्र जातं आणि जागेवर पाटी ठोकावी लागते. पाटी दिसते. शाळेच्या बसमधल्या मुलांनाही दिसते. आपल्याकडे प्रत्येक फेरबदलाला जागेवर अशी एक ठसठशीत पाटी लावली, तर किती लोक वेळेत पोचतील!

दरम्यान मी रात्री बसून जुने निकाल वाचत होते. ग्रीन्सबरो शहर ज्यात येतं त्या गिलफर्ड काउंटीतला (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एक खटला आहे, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये निकाली काढलेला. एक शेतकरी धान्य साठवायचा आणि शेतीची रसायनं विकायचा. शेजाऱ्यांनी तक्रार केली, आणि काउंटीने त्याच्या जमिनीपुरता झोन अटी घालून बदलला. शेजारी कोर्टात गेले. न्यायालयाने काउंटीची बाजू घेतली, पण तुकड्यापुरता झोन बदलताना काय तोलायचं तेही सांगितलं: तुकडा केवढा, तो गावाच्या आराखड्याशी जुळतो का, फायदा-तोटा कुणाला किती, आणि नवा उपयोग आजूबाजूच्या उपयोगांशी किती मिळताजुळता आहे. मी हे मुद्दे वहीत उतरवले आणि आमच्या पावणेचार एकरांना लावून पाहिले. आजींचा तोटा मोठा होता. पण तो कमी करता येण्यासारखा होता.

वाट त्या नियोजनवाल्या बाईंनीच दाखवली होती: अटींसह झोनिंग. अर्जदार आणि गाव मिळून अटी ठरवतात, अर्जदाराने लेखी संमती दिली की त्या जमिनीला चिकटतात, आणि पुढचा मालकही त्यांना बांधील राहतो. मी शनिवारी बाजारात गेले. रोपं घेतली नाहीत. त्या दोघांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मला तुमची नर्सरी हवी आहे. पण हा अर्ज असाच राहिला तर मी विरोधात बोलेन."

त्याला राग आला. साहजिक होतं. काउंटीच्या हद्दीत त्यांचं जे शेत आहे, तिथे झोनिंगचा प्रश्नच येत नाही. खऱ्याखुऱ्या शेतीला काउंटीच्या झोनिंगमधून सूट आहे आणि रोपं वाढवणं शेतीतच मोडतं. दहा वर्षं त्याने कुणाला विचारलं नव्हतं. आता गावाच्या हद्दीत, गिऱ्हाइकांच्या जवळ यायचं म्हटल्याबरोबर तीच रोपं दुकान झाली होती. "मी काय वेगळं करतोय?" तो म्हणाला. बायको मात्र गप्प होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या आजींना नक्की काय हवंय?"

ती आणि आजी, आजींच्या स्वयंपाकघरात तीन वेळा बसल्या. मी एकदा होते, पोहे घेऊन गेले होते. मार्चमध्ये जुना अर्ज मागे घेऊन नवा आला, अटींसह. फक्त रोपांची नर्सरी, दुसरा कुठलाही व्यापार नाही. खडी-मातीचे सुटे ढीग नाहीत. माल उतरवणं सकाळी आठनंतर. ट्रक आत येण्याचं दार मोठ्या रस्त्याच्या बाजूने; रस्ता राज्याच्या परिवहन खात्याचा, त्यामुळे त्या दाराची परवानगी त्या खात्याकडून वेगळी. दिवे झाकलेले आणि खाली वळवलेले. भोंगे नाहीत. पाणी आधी तळ्यात, मग ओढ्यात. आणि निवासी हद्दीला तीस फूट रुंद सदाहरित झाडांचा पट्टा, दुकान उघडण्याआधी लावलेला.

तीस फुटांवर खूप घासाघीस झाली. त्यांनी आधी पंधरा म्हटलं होतं. पंधरा फुटांत एकच रांग बसते आणि एक झाड मेलं की सरळ भोक पडतं. तीस फुटांत दोन रांगा आडव्या-तिडव्या लावता येतात. हे रोपांचा धंदा करणाऱ्याला मी सांगावं लागलं नाही. त्याने स्वतःच कागदावर काढून पाहिलं आणि मान्य केलं.

मग ती पिवळी पाटी लागली. नियोजन मंडळाने शिफारस केली. मे महिन्यात कौन्सिलपुढे सुनावणी झाली. प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर दिवा: हिरवा, पिवळा, लाल. माझं इंग्रजी अशा वेळी अडखळतं, म्हणून मी लिहून नेलं होतं. मी सांगितलं की मी लगतची मालक आहे, पहिल्या अर्जाला माझा विरोध होता, या अर्जाला पाठिंबा आहे, आणि अटींमधला एक शब्दही ढिला करू नये. रस्त्यापलीकडचे एक शेजारी शेवटपर्यंत विरोधातच राहिले. गावाच्या आराखड्यात हा पट्टा निवासी दाखवला आहे, आज हा तुकडा गेला की उद्या शेजारचा मालक हेच उदाहरण दाखवेल, असं ते म्हणाले. त्यांची भीती मला आजही पूर्ण चुकीची वाटत नाही. कौन्सिलला आपला निर्णय आराखड्याशी सुसंगत आहे की नाही, याचं लेखी निवेदन द्यावंच लागतं. आमच्या ठरावात तो परिच्छेद फार त्रोटक आहे. तो नीट लिहायला हवा होता, आणि मी तसं पत्र गावाला दिलं आहे.

आजी बोलल्या नाहीत. हात वर केला नाही. फक्त पहिल्या रांगेत बसून राहिल्या, आणि चार विरुद्ध एक असं मतदान झाल्यावर त्या नर्सरीवाल्या मुलीने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं.

आता ऑक्टोबर आहे. पलीकडे पाण्याचं तळं खणून झालंय, जुन्या विटांच्या घराला नवं छप्पर बसतंय. दोन्ही पिकान तशीच उभी आहेत. पट्ट्यासाठी आजींनी अमेरिकन हॉली निवडली. लाल फळं येतात आणि हिवाळ्यात पक्षी येतात म्हणून. झाडं पुढच्या महिन्यात लागणार, थंडीची लागवड. हद्दीच्या खुंट्या परवा ठोकल्या. मी मोजपट्टी घेऊन गेले. आजींनी एक टोक धरलं, मी दुसरं. एका जागी सव्वीस फूट भरले. तिथली खुंटी मी उपटली नाही, फोटो काढून त्या दोघांना पाठवला. संध्याकाळी तो आला आणि खुंटी चार फूट आत घेऊन ठोकली.