अमेरिकेतली लाइट रेल: नकाशावरचे मैल मोजू नका

अमेरिकेत गाडी चालवायची नाही, लाइट रेलनेच (म्हणजे कुठे रस्त्यावरून तर कुठे वेगळ्या रुळांवरून धावणाऱ्या विजेच्या छोट्या गाड्यांनी) शहरं बघायची असं ठरवून निघणाऱ्यांना आधी निकाल सांगून टाकतो. सिअ‍ॅटल आणि सॅन डिएगो बिनधास्त करा. पोर्टलंड वेळ असेल तर करा. लॉस एंजेलिस करा, पण मी पुढे सांगतो ते वाचून. डॅलसला भाड्याची गाडी घ्या. सॅन होजेची लाइट रेल विसरून जा.

गेल्या ऑक्टोबरात मी आणि माझे मेहुणे, दोघेही रिटायर्ड, पाठीवर एकेक सॅक घेऊन हा उद्योग करून आलो. तीन-चार मैल चालायची सवय आहे, जिने चढता येतात, थंडीवाऱ्याचं जाकीट जवळ आहे, हे गृहीत धरून लिहितोय. ज्यांचं तसं नसेल त्यांनी मुलांच्या गाडीतून फिरावं, त्यात काही कमीपणा नाही.

आमची दिशाभूल केली ती आकड्यांनी. डॅलसचं जाळं ९३ मैलांचं, देशातल्या सगळ्यात लांब जाळ्यांपैकी एक. लॉस एंजेलिसची ए लाइन सप्टेंबर २०२५ मध्ये पोमोनापर्यंत वाढली आणि ५७ मैलांच्या वर गेली. जगात एवढी लांब लाइट रेलची दुसरी मार्गिका नाही. त्यात फ्रिस्कोत, म्हणजे डॅलसच्या उपनगरात, राहणारा पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, अहो लाइट रेल आहे ना, गाडीची गरजच नाही तुम्हाला." हा मुलगा बरीच वर्षं तिथे आहे आणि एकदाही त्या गाडीत बसलेला नाही, हे पोचल्यावर कळलं. फ्रिस्को तर डार्टच्या, म्हणजे डॅलसच्या परिवहन संस्थेच्या, क्षेत्रातच येत नाही. डार्टची रेड लाइन शेजारच्या प्लेनोच्या पार्कर रोडला संपते, तिथून न्यायला शेवटी त्यालाच यावं लागलं.

मैल खरे असतात, पण त्यांचा उपयोग शून्य. दोनच गोष्टी विचारायच्या: गाडी शहराच्या मधोमध आली की लाल सिग्नलला थांबते का? आणि स्टेशनातून बाहेर पडल्यावर समोर काय आहे? या दोन प्रश्नांवर सगळी शहरं आपोआप चाळली जातात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लॉस एंजेलिसला फ्लॉवर स्ट्रीटवर मिळतं, आणि त्याबद्दल मी अजून शांत झालेलो नाही.

लिटल टोकियोहून लाँग बीचला निघालो. जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या नव्या बोगद्यातून गाडी अशी सुरेख गेली की मेहुणे म्हणाले, पुण्याच्या मेट्रोवाल्यांना दाखवायला हवं. सेव्हन्थ स्ट्रीटपर्यंत जमिनीखाली. मग वर आलो, पिको स्टेशन गेलं आणि गाडी थांबली. स्टेशन नाही, बिघाड नाही. सिग्नल लाल. बाहेर सप्तरंगी छत्री लावलेली फळांची ढकलगाडी घेऊन एक बाई फुटपाथवरून चालली होती. ती आमच्या डब्याच्या पुढे गेली. गाडी सुटली, आम्ही तिला मागे टाकलं, पुढच्या चौकात परत लाल. ती बाई परत पुढे. कापलेल्या कलिंगडावर ती तिखट-मीठ भुरभुरते इतकं स्पष्ट दिसत होतं. वॉशिंग्टन बुलेव्हार्डच्या वळणावर तर सान्टा मोनिकाची ई लाइन आणि आमची ए लाइन वेगळ्या होतात. तिथे आधी समोरून येणारी ई गेली, मग आडव्या मोटारी गेल्या, मग आमचा नंबर. वळून वॉशिंग्टनवर आलो तरी तेच. तीन डब्यांची भरलेली गाडी, आणि ती थांबते कुणासाठी, तर डावीकडे वळणाऱ्या मोटारीत एकट्या बसलेल्या माणसासाठी.

कारण साधं आहे. १९९० मध्ये ही मार्गिका सुरू झाली तेव्हा या भागात रूळ रस्त्यावरच टाकले. पूल नाही, बोगदा नाही. गाडी चालवते मेट्रो ही परिवहन संस्था आणि सिग्नल शहराच्या वाहतूक खात्याचे. पुढे जुन्या पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनीच्या रेल्वेमार्गावर पोचली की हीच गाडी झकास पळते, आणि लाँग बीच आलं की परत रस्त्यावर उतरून सिग्नल मोजत बसते. म्हणजे बाकी मार्गावर कमावलेला वेळ या थोड्या मैलांत घालवायचा. पुढचा सगळा प्रवास आम्ही प्रत्येक शहराला "इथे फ्लॉवर स्ट्रीट किती?" असंच विचारत होतो.

तरीही जाणाऱ्यांसाठी: लाँग बीचला जायचं तर सकाळी लवकर निघा, संध्याकाळी चार ते सात परतू नका. पोमोना ते लाँग बीच अशी अख्खी मार्गिका एका दमात करायच्या फंदात पडू नका. दोन तासांहून जास्त लागतात आणि गाडीत स्वच्छतागृह नाही. सान्टा मोनिकाची ई लाइनही फ्लॉवर स्ट्रीटवरूनच जाते, पण पुढे उन्नत मार्गावर चढते आणि शेवटी उतरलं की समुद्र चालत काही मिनिटांवर. एकच सफर करायची असेल तर ती करा. तिकीट १.७५ डॉलर, दोन तास गाडी बदलायची मुभा. भाडं भरायचं टॅप कार्ड दोन डॉलरचं. रात्री नऊनंतर शेवटच्या डब्यात बसू नका, चालकाजवळच्या डब्यात बसा. पॅसाडेनाकडचा भाग छान आहे. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आता दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर डॅलस.

विमानतळावरून ऑरेंज लाइन थेट शहरात येते, २०१४ पासून. गाडी स्वच्छ, रिकामी, वातानुकूलन कडक. मध्यवर्ती भागात चारही मार्गिका एकाच रस्त्यावरच्या एकाच जोडरुळांवर येतात. तिथे फ्लॉवर स्ट्रीटचा छोटा भाऊ भेटतो, पण तो सहन होतो. खरी गंमत उतरल्यावर. आम्ही शहराबाहेरच्या एका हॉटेलात खोली घेतली होती. नाव लिहीत नाही. "लाइट रेल स्टेशनपासून पाच मिनिटं" असं त्यांच्या जाहिरातीत होतं. कशाने पाच मिनिटं ते लिहिलेलं नव्हतं. स्टेशनच्या चारी बाजूंना पार्किंगचं मैदान, त्यापलीकडे महामार्गाला समांतर जाणारा रस्ता, आणि फुटपाथ अर्ध्यात संपलेला. एकदम कापल्यासारखा. पुढे गवत, गवताखाली चिखल. मग आठ पदरी चौक. पादचाऱ्याने बटण दाबायचं, वाट बघायची, सिग्नलवर पांढरा माणूस उमटला की धावायचं, कारण दुभाजकापर्यंत पोचेतो लाल आकडे मोजायला लागलेले असतात. अर्ध्या तासाने हॉटेलात पोचलो तर काउंटरवरची मुलगी विचारते, "तुम्ही चालत आलात?" कौतुकाने नाही, काळजीने.

दुसऱ्या दिवशी त्याच अंतराला टॅक्सीवाल्याने तीस डॉलर लावले. मीटर नाही, "फ्लॅट रेट". मी वाद घातला, मेहुणे म्हणाले, "जाऊ द्या हो." मी अजून जाऊ दिलेलं नाही. तर डॅलसला राहायचं असेल तर मध्यवर्ती भागात, सेंट पॉल किंवा एकार्ड स्टेशनजवळ राहा आणि लाइट रेल फक्त विमानतळासाठी वापरा. नातेवाईक प्लेनो-फ्रिस्कोला असतील तर गाडी भाड्याने घ्या, विषय संपला. हॉटेल कुठल्याही शहरात घ्या, बुकिंग करण्याआधी नकाशात चालण्याचा पर्याय निवडून रस्त्यावरचे फोटो बघा. फुटपाथ दिसला नाही तर तो नाहीच.

सॅन होजे. आपली निम्मी आयटीतली मंडळी त्या परिसरात, म्हणून अपेक्षा होती. १९८७ ची लाइट रेल. नॉर्थ फर्स्ट स्ट्रीट आणि टॅस्मन ड्राइव्हवर दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या इमारती, पण त्या रस्त्यापासून इतक्या आत की मधे पार्किंगचा समुद्र. मध्यवर्ती भागात गाडी दुकानांच्या दारातून ताशी दहा मैलांनी सरकते. धडधाकट माणूस पळाला तर बरोबरीने जाईल. माउंटन व्ह्यूहून सॅन होजेला जायचं तर कॅल्ट्रेन ही उपनगरी रेल्वे पकडा. सप्टेंबर २०२४ पासून ती विजेवर धावते आणि वीसेक मिनिटांत पोचवते. लाइट रेलने तासभर धरून चाला, वर मधे गाडी बदलायची. मिल्पिटासला बार्टसाठी (सॅन फ्रान्सिस्को परिसरातली मेट्रो) जायचं असेल तेवढ्यापुरती ऑरेंज लाइन ठीक. बाकी वेळ वाया.

पोर्टलंडची लाइट रेल, म्हणजे मॅक्स, १९८६ पासून आहे. शहरातले चौक एकमेकांपासून दोनशे फुटांवर, म्हणून गाडी दोनच डब्यांची. तिसरा जोडला तर थांब्यावर उभी असताना चौक अडेल. आणि दर थोड्या अंतरावर थांबा. शिवाय नदी ओलांडायला स्टील ब्रिज, १९१२ चा. ऑरेंज सोडून सगळ्या मार्गिका त्याच्यावरून. खालून उंच बोट आली की पूल वर उचलला जातो आणि वरची वाहतूक गपगार. आमच्या वेळी उचलला. मेहुणे खूश झाले, मी नाही. पण वॉशिंग्टन पार्क स्टेशनला जरूर उतरा: जमिनीखाली २६० फूट, लिफ्टने वर यायचं, वर आलं की प्राणिसंग्रहालय. ऑरेंज लाइनचा टिलिकम क्रॉसिंग पूलही बघा. २०१५ मध्ये उघडला, त्यावर मोटारींना बंदी, चालणारे आणि सायकलवाले हक्काने जातात. तिकिटाची कटकट नाही, नेहमीचं क्रेडिट कार्ड किंवा फोन टेकवला की झालं. भारतातल्या बँकेचं कार्ड असेल तर परदेशी व्यवहार आणि टॅप, दोन्ही सुरू आहेत का ते घरूनच बघून निघा.

सिअ‍ॅटलला पोचलो आणि दोघांचीही तब्येत सुधारली. उगाच नाही म्हणत. इथे फ्लॉवर स्ट्रीट जवळजवळ नाहीच. मध्यवर्ती भागात १९९० चा बोगदा आहे. तो आधी बससाठी होता, २००९ पासून लाइट रेलच्या गाड्याही आणि २०१९ नंतर फक्त त्याच. कॅपिटॉल हिल, विद्यापीठ, रूझवेल्ट सगळं जमिनीखाली, पुढे उन्नत मार्गाने लिनवूडपर्यंत. तीन-चार डब्यांची गाडी खच्चून भरलेली आणि तरी सुसाट. बाहेर पडलं की समोर दुकानं, माणसं, कॉफी. एकच कमकुवत जागा: रेनियर व्हॅलीत मार्टिन ल्यूथर किंग वेवर रूळ रस्त्याच्या मधोमध आहेत. तिथे एखादी मोटार आडवी आली की विमानतळाची अख्खी मार्गिका अडकते. म्हणून परतीच्या विमानाला जाताना तासभर जास्त हातात ठेवा. आणि विमानतळाचं स्टेशन नकाशात चिकटलेलं दिसतं तसं नाही. पार्किंगच्या इमारतीतून सामान ओढत लांब चालायचं आहे. भाडं सरसकट तीन डॉलर, कुठूनही कुठेही. आम्ही गेलो तेव्हा बेलव्ह्यू-रेडमंडची टू लाइन सरोवराच्या पलीकडेच धावत होती आणि सिअ‍ॅटलहून रेडमंडला जायला ५४५ नंबरची बस धरावी लागली. बस उत्तम होती.

सॅन डिएगोला त्रास झाला नाही. १९८१ ची, या नव्या पिढीतली देशातली पहिली, लाल गाड्या, वेळेवर. ब्लू लाइनने दक्षिणेला सॅन इसिड्रोला उतरलात तर चार पावलांवर मेक्सिको आहे. पासपोर्ट आणि अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा जवळ नसेल तर कुतूहल आवरा. विमानतळावर ट्रॉली (इथल्या लाइट रेलचं हेच नाव) येत नाही. ओल्ड टाउनहून फुकट बस आहे, तिचं नाव सॅन डिएगो फ्लायर. विमानतळाच्या दारात उभा असलेला माणूस "ट्रॉलीपर्यंत सोडतो" म्हणाला तर हसून पुढे व्हा.

बाकी सगळीकडे लागू: अनेक स्टेशनांवर फाटकच नाही, म्हणून तिकीट कुणी बघत नाही असं समजू नका. गाडीत चढण्याआधी कार्ड टेकवा. गाडीत टेकवायची सोय बहुतेक ठिकाणी नाही आणि तपासनीस चढले की दंड तिकिटाच्या कैकपट. दार आपोआप उघडत नसेल तर दारावरचं बटण दाबा, नाहीतर गाडी डोळ्यांदेखत निघून जाते. शनिवार-रविवारी रुळांची कामं असतात आणि मधल्या टप्प्यात बस लावतात, तेव्हा सकाळी निघण्याआधी त्या शहराच्या परिवहन संस्थेच्या सूचना बघा. पाण्याची बाटली ठेवा, पण आधी सांगितलेली स्वच्छतागृहाची अडचण लक्षात ठेवून प्या.