साताऱ्यासाठी खिशातली सूर्यघडी

न्यूरेंबर्गच्या एर्हार्ड एट्झलाउबने १५११ आणि १५१३ साली खिशातल्या सूर्यघडीच्या झाकणावर युरोप आणि उत्तर आफ्रिकेचा इवलासा नकाशा काढला, दक्षिण वर ठेवून. त्यात उत्तरेकडे जाताना अक्षांशांमधलं अंतर वाढत जातं. नकाशाकार मर्केटरचा याच धाटणीचा जगाचा नकाशा १५६९ चा, म्हणून मला हे झाकण फार मोलाचं वाटतं! मर्केटरच्या हिशोबाने ६०° अक्षांशावर नकाशाचा ताण (विषुववृत्ताच्या तुलनेत आकार फुगणं) दुप्पट होतो, साताऱ्याच्या १७.७° वर जेमतेम ५ टक्के.

अशा घडीत नकाशा नुसता शोभेचा नसतो. उभ्या झाकणापासून आडव्या तबकडीपर्यंत ताणलेल्या दोऱ्याची सावली वेळ दाखवते; गावाचा अक्षांश कळला की या दोऱ्याचा कोन ठरतो. साताऱ्यासाठी दोरा तबकडीशी १७.७° चा कोन करून उत्तरेकडे चढला पाहिजे. न्यूरेंबर्गची जुनी घडी ४९° ची असते, ती इथे तशीच ठेवली तर तासच चुकतात.

तबकडीवरच्या तासरेषा दुपारी १२ च्या रेषेपासून मोजा: १ तासाला ४.७°, २ ला ९.९°, ३ ला १६.९°, ४ ला २७.७°, ५ ला ४८.६°. दुपारच्या आसपास रेषा अगदी दाटीने येतात, त्यामुळे तबकडी १० सेंमीपेक्षा लहान करू नका. दोरा सैल पडला की सावली वाकते. मेण लावलेला सुती दोरा ताणून बांधा. घडी उत्तरेकडे लावायचं होकायंत्र लोखंडी टेबलावर ठेवू नका.

घड्याळाची (भारतीय प्रमाण) वेळ हवी तर आलेल्या वेळेत रेखांशाच्या फरकाची ३४ मिनिटं मिळवा (सांगलीत ३२). सूर्याची चाल वर्षभर सारखी नसते, म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यातून १६ वजा होतात, फेब्रुवारीच्या मध्यावर १४ वाढतात. जूनमध्ये सकाळी सूर्य ईशान्येकडे असतो, तेव्हा उभ्या झाकणाचीच सावली तबकडीवर पडते.