सारायेव्होत खाली बघून चाला

बोस्नियाची राजधानी सारायेव्हो. तिथल्या फर्हादिया रस्त्यावर आइस्क्रीम खात चाललो होतो. बायकोनं दंड धरून थांबवलं. पायाखाली फरशीत लाल डाग होता, फुलासारखा पसरलेला. तोफगोळा पडून माणसं मेली, त्या खड्ड्यांत बोस्नियातल्या युद्धानंतर लाल राळ ओतून ठेवली आहे. याला इथे 'सारायेव्होचे गुलाब' म्हणतात. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, म्हणजे १,४२५ दिवस या शहराला वेढा पडला होता. आमच्यासारखे या गुलाबांवर पाय देऊन पुढे जाणारे रोज शेकड्यांनी असणार.

१९१४ साली जिथे ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंडवर गोळ्या झाडल्या (पहिल्या महायुद्धाची ठिणगी), तो लॅटिन पुलाजवळचा कोपरा दहा मिनिटांत उरकतो. त्यापेक्षा वेढ्याच्या काळातल्या बोगद्याला अर्धा दिवस द्या. विमानतळाच्या धावपट्टीखालून १९९३ साली खणलेला, सुमारे ८०० मीटर लांबीचा. धान्य, औषधं, जखमी, सगळं यातूनच ये-जा करायचं. आता थोडाच तुकडा उघडा आहे. मला वाकूनच चालावं लागलं आणि तेवढ्यातच कंबर बोलायला लागली. पाठीवर पोतं घेऊन सबंध बोगदा पार करणाऱ्यांचं काय होत असेल! तीन नंबरच्या ट्रामनं शेवटच्या इलिजा थांब्यापर्यंत जा, तिथून टॅक्सी. भाडं आधी ठरवा. आम्ही ठरवलं नव्हतं, चांगलेच कापले गेलो.

बाश्चार्शिया या जुन्या बाजारपेठेत तांबटांची गल्ली आहे. ठोक्यांचा आवाज ऐकून पुण्याची तांबट आळी आठवली. दुकानाला हे लोक 'दुचान' म्हणतात! तिथे गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांची पेनं विकायला असतात. मी हातात घेऊन परत ठेवलं. कॉफी मात्र प्याच: साखरेचा खडा कॉफीत टेकवायचा, दातांनी तोडायचा, वर घोट.

शाकाहारींनो, 'बुरेक' (सारण भरून भाजलेला पातळ पापुद्र्यांचा पदार्थ) मागू नका, इथे तो खिम्याचाच. पालकाची 'झेल्यानित्सा', बटाट्याची 'क्रोम्पिरुशा' मागा.

ट्रेबेविच डोंगरावर रोपवेनं जा. १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकचा बॉबस्लेचा (बर्फावरच्या घसरगाड्यांच्या शर्यतीचा) मार्ग वर पडून आहे, रंगानं चितारलेला. रानात मात्र मळलेली वाट सोडू नका; देशात अजून सुरुंग आहेत.

इथलं चलन मार्क, ते रोख जवळ ठेवा (एका युरोला साधारण १.९५), छोट्या खानावळीत आमचं कार्ड चाललं नाही. आणि इथून पुन्हा शेंगेन देशात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) शिरायचं असेल, तर व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, हे निघण्याआधीच बघा.