तुम्ही विचारलंत म्हणून: कागदाचा पत्ता का सांगतो?

व्याख्यान संपलं की कुणीतरी थांबतं आणि तोच प्रश्न विचारतं. फोनवरही तोच. "एवढी धूळ खाऊन शोधलेल्या जुन्या ऐतिहासिक कागदाचा ठावठिकाणा तुम्ही कुणालाही कसा देऊन टाकता? तुमच्याआधी त्यानं छापलं तर?" विचारणारे बहुतेक माझ्याबद्दलच्या काळजीनंच विचारतात, म्हणून सविस्तर उत्तर द्यायला हवं.

सोलापूरचा अठराव्या-एकोणिसाव्या शतकाचा इतिहास ज्यानं थोडा जरी चाळलाय, त्याला हे माहीत आहे की आपले कागद आपल्या गावात नाहीत. भुईकोट किल्ल्याचंच घ्या. मे 1818 मध्ये तो इंग्रजांनी घेतला. तेव्हा दुसरा बाजीराव अजून शरण आलेला नव्हता, तो पुढं जूनमध्ये इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. आपला अभ्यासक साहजिकच मुंबईच्या पुरालेखागारात जातो आणि हात हलवत परत येतो. पण किल्ल्यावर चाल करून आलेला जनरल टॉमस मन्रो होता मद्रासच्या फौजेचा. पुढं तो मद्रासचा गव्हर्नरही झाला. त्या वेढ्याचा पत्रव्यवहार मद्रासकडच्या कागदांत शोधायचा असतो. ही एवढी एक ओळ कुणी वेळेवर सांगितली, तर माणसाचं अख्खं वर्ष वाचतं.

नळदुर्गाचंही तसंच. सोलापुरातून सकाळी निघालं तर न्याहारीच्या वेळेला पोहोचावं, इतका जवळ. मुलूख निजामाचा, म्हणून सगळे हैदराबादची वाट धरतात. पण 1853 च्या तहानं तो भाग इंग्रजांच्या हवाली झाला होता आणि 1860 मध्ये निजामाला परत मिळाला. मधल्या काळात सुरुवातीची काही वर्षं तिथला कारभार मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याकडे होता. म्हणजे या सात वर्षांपुरतं इंग्रजी दप्तर पाहायचं, त्याच्या आधी आणि नंतर हैदराबाद. मंगळवेढा सांगली संस्थानात होतं, तेव्हा तिथला माग सांगलीच्या संस्थानिक पटवर्धनांच्या कागदांत काढायचा. अक्कलकोटचं संस्थान वेगळं. पंढरपूरला क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थपुरोहितांच्या, वह्यांत तर यात्रेला आलेल्यांच्या पिढ्यान् पिढ्यांची नावं सापडतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर घराण्यांना आपले पूर्वज तेलंगणातल्या कुठल्या गावाहून आले हे शोधायचं असेल, तर तेलुगू वाचणारा माणूस लागतो. मोडी, फारसी, उर्दू, कन्नड, तेलुगू आणि इंग्रजी एकट्यानं वाचणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. ज्याला जे येतं त्यानं ते दुसऱ्यासाठी वाचायचं, याला सोलापुरात दुसरा इलाज नाही.

हे कसं चालतं ते एका कागदावरून सांगतो. बार्शीकडच्या एका विद्यार्थ्यानं पाटीलकीच्या भांडणाच्या कागदाचा फोटो पाठवला होता. मोडी चांगलं, शाई थोडी फुटलेली. त्यानं तारखेचे शब्द जुळवून 1173 हा आकडा काढला, तो फसली, म्हणजे महसुली कालगणनेतला, धरला आणि कागद 1763 चा ठरवला. म्हणजे पेशवे आणि निजाम यांच्यातल्या राक्षसभुवनच्या लढाईच्या आगेमागे. त्या हिशेबानं त्याचं सगळं प्रकरण लिहून तयार होतं. मी फोटो मोठा करून पाहिला. "सन सलास सबैन मया व अलफ" असं अक्षरी लिहिलेलं होतं, त्याच्यापुढं "छ 12 रजब". विजापूर वेशीतले आमचे एक उर्दूचे सर आहेत, त्यांना तो शब्द न् शब्द लावून दाखवायला सांगितलं. तीन, सत्तर, शंभर, हजार. आकडा बरोबर होता, पण अशा अक्षरी अरबी संख्येत लिहिलेलं साल फसली नव्हे, शुहूर सन या दुसऱ्या जुन्या कालगणनेचं. इसवी सन काढायला त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, फसलीत 590 किंवा 591. शिवाय साल मृगाला बदलतं, म्हणून महिना पाहिल्याशिवाय मिळवणी करायची नाही. "छ" म्हणजे चंद्राची तारीख, महिना रजब. सगळं जुळवल्यावर कागद 1772 च्या ऑक्टोबरचा निघाला, थोरल्या माधवराव पेशव्यांच्या अखेरच्या दुखण्यातला. नऊ वर्षांचा फरक! पेशवा तोच, पण एकीकडं नुकता कारभार हाती घेतलेला तरुण, दुसरीकडं अंथरुणाला खिळलेला. न्याय कुणी दिला, कुणाच्या शब्दावर दिला, हे सगळंच मग नव्यानं तपासावं लागलं. त्या मुलानं प्रकरण पुन्हा लिहिलं आणि त्यात आमच्या सरांचं नाव घातलं. सरांना त्याचा झालेला आनंद मी पाहिलाय.

म्हणून माझा आग्रह एवढाच असतो की मदत करायची तर नेमकी करावी. "पुण्याच्या दप्तरात बघा, मिळेल" हे सांगणं आणि न सांगणं सारखंच. तिथं मोडी कागद कोट्यवधी आहेत. इंग्रजांच्या इनाम कमिशनच्या वेळी इनामदारांच्या सनदा पडताळायला जी दप्तरं गोळा झाली, तीच पुढं पेशवे दप्तर म्हणून आपल्या कामाला आली. तिथली मांडणी महसुलाच्या सोयीनं झालेली आहे, तुमच्या-माझ्या विषयानुसार नाही. त्यामुळे दप्तर कुठलं, रुमाल (कागदांचं गाठोडं) क्रमांक काय, कागद कितवा, सापडल्याची तारीख, हे सगळं द्यायचं. आणि जिथं शोधून काही मिळालं नाही, तेही सांगायचं. रिकाम्या निघालेल्या रुमालांची यादी मी जपून ठेवतो. ती मागणाऱ्याला सगळ्यात आधी देतो, कारण ती कुठल्याच पुस्तकात छापून येत नाही.

आता छापण्याची भीती. इतिहाससंशोधक राजवाडे गावोगाव फिरले, लोकांच्या माळ्यांवरचे कागद उतरवले आणि "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" या नावानं खंडामागून खंड छापले. त्यांनी ते घरात ठेवले असते, तर आज आपण कशावर बोललो असतो? मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी शाळेत शिकवता शिकवता पटवर्धनांची पत्रं अशीच लोकांसमोर आणली. माझ्या आधी कुणी छापलं, तर मला तो कागद नीट लावलेला वाचायला मिळतो. मूळ कागद कुणी दाखवला हे लिहिलं नाही तर मात्र मला वाईट वाटतं, आणि तसं करणाऱ्याला मी ते तोंडावर सांगतो. पुढच्या खेपेला त्यानं विचारलं तरी पत्ता देतोच. कागदाचा त्यात काय दोष?

देत नाही अशी एकच गोष्ट आहे. कुणाच्या घरचा खासगी कागद त्या घरच्या माणसांना विचारल्याशिवाय मी पुढं पाठवत नाही. भाऊबंदकीचे, दत्तकाचे, कर्जाचे कागद असतात, आणि त्यातली घराणी आजही त्याच गल्लीत राहतात. तिथं मी आधी वाड्यावर जातो, आजींना किंवा अण्णांना वाचून दाखवतो, आणि ते हो म्हणाले तरच.

तुम्ही विचारलंत, आता मीही एक विचारतो. एकोणिसाव्या शतकात सोलापुरातून "कल्पतरू" नावाचं साप्ताहिक निघायचं. देशी पत्रांत काय छापून येतं यावर सरकारचं लक्ष असे. त्यासाठी इंग्रजीत गोषवारे तयार होत, आणि त्यांत "कल्पतरू"चे उतारे येतात. ते मुंबईच्या पुरालेखागारात पाहता येतात. पण तो मजकूर सरकारनं आपल्या कामापुरता निवडलेला. बाजारभाव, जाहिराती, गड्ड्याच्या जत्रेची बातमी, 1876 च्या दुष्काळात गावात धान्य काय दरानं मिळत होतं, हे मला मूळ अंकातच वाचायचंय. तुमच्या किंवा तुमच्या आजोळच्या माळ्यावर जुनी रद्दी असेल, वहीला घातलेलं कव्हर असेल, ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला कागद असेल, तर टाकून देण्याआधी एकदा नाव वाचा. एखादं पान जरी निघालं तरी फोटो पाठवा. सोबत कुणाच्या घरचं तेही लिहा, म्हणजे मला त्यांचं नाव देता येईल.