बेल वाकला, नबो लवला

संक्रांतीच्या आठवड्यात सोलापूरच्या विडी घरकुल वस्तीतल्या घरसभेत, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४६वा अध्याय घेतला. शहरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा रंगात आली होती. बेल आणि नबो या बाबेलच्या (बॅबिलोनच्या) देवांच्या मूर्ती जनावरांवर लादल्याचं पहिलं वचन वाचून झालं, तोच एक तरुण म्हणाला, "पास्टर, नंदीध्वज पण माणसंच वाहतात की! हेच सांगू या त्यांना."

दोघं-तिघं हसले. मला ते हसणं लागलं. नंदीध्वजाचं, म्हणजे यात्रेच्या मिरवणुकीतल्या उंच काठीचं, ओझं पेलणारे लोक आमच्या शेजारचेच, आणि त्यामागची त्यांची भक्ती मी लहानपणापासून पाहत आलोय.

मग वचनं बाजूला ठेवून आधी बाबेलचा इतिहास सांगितला. इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या हल्ल्यात यरुशलेम पडलं, तिथलं मंदिर जळालं, इस्राएलाच्या लोकांना बाबेलात धरून नेलं. बाबेलात नववर्षाला बेलाची, म्हणजे मार्दुकाची, मोठी मिरवणूक निघे. त्याचा मुलगा नबो जवळच्या बोर्सिप्पा शहरातून येई. ज्याचं मंदिर राख झालं तो देवच हरला, असं तेव्हा जग मानायचं. अशा खचलेल्या लोकांना संदेष्टा म्हणतो, ज्यांच्यापुढे तुम्ही दबलात त्या देवांनाच उचलून न्यावं लागतंय. इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतलं. त्याने आपल्या मातीच्या लेखात मार्दुकाचाच गौरव केलाय, हेही सांगितलं. वचन खरं ठरवायला इतिहास झाकायची गरज मला कधीच वाटली नाही.

"आता आठवं आणि बारावं वचन बघ. बंडखोर कोणाला म्हटलंय? कठोर मनाचे कोण?"

त्याने वाचलं. "इस्राएललाच."

"मग शेजाऱ्याच्या दारात हे कशाला न्यायचं?"

"पण मूर्ती उत्तर देत नाही, हे सातव्यात आहेच की."

"आहे. माझा विश्वासही तोच. पण संदेष्टा ते आपल्या माणसांशी बोलतोय, त्यांना उभं करायला."

कोपऱ्यातल्या अक्का इतका वेळ गप्प होत्या. विड्या वळण्यात त्यांचा जन्म गेला. म्हणाल्या, "चौथं परत वाचा." वाचलं: तुमचे केस पिकेपर्यंत मीच तुम्हाला वाहीन.

"म्हातारपणी पण?"

"हो अक्का, तसंच लिहिलंय."

"पोरगा पुण्याला गेला तेव्हापासून वाटतं, आपण घरावर ओझं झालो."

माझ्या मते अध्यायाचं मर्म इथंच आहे: कोण कोणाला वाहतं. पुढची वचनं त्या रात्री राहिलीच. मुलं पुण्या-मुंबईला गेलेल्या बायका तिथं बऱ्याच होत्या, आणि आता त्यांना बोलायचं होतं.