हस्तऱ्याचा माणूस

सप्टेंबर २०२१ म्हणलं की मला आधी पाणीच आठवतं. गुलाब चक्रीवादळाचा पाऊस पडून गेलेला, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं, शेंगांना कोंब फुटायले होते अन् लोकं बांधावरून नुसतं बघायले होते. त्याच आठवड्यात, ३० तारखेला, आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यातल्या हस्तरा गावचे विवेक राम चौधरी साहेब हवाई दलाचे प्रमुख झाले. दादानं शेतातच मोबाईल काढून फोटो दाखवला, स्क्रीनवर चिखलाचं बोट उमटलेलं, म्हणला, "बघ, आपल्या हस्तऱ्याचा माणूस."

पदाचं कौतुक सगळ्यांनीच केलं, मला मात्र तिथवरचा रस्ता जास्त मोठा वाटतो. २९ डिसेंबर १९८२ ला फायटर पायलट म्हणून कमिशन अन् चीफ २०२१ ला, म्हणजे जवळपास ३९ वर्षं. मिग-२१, मिग-२३, मिग-२९, सुखोई-३०, सगळी विमानं मिळून ३८०० च्या वर तास. मी हिशोब करून बघितला, सलग धरले तर दीडशेच्या वर दिवसरात्र माणूस आभाळातच! सियाचीनचं ऑपरेशन मेघदूत, कारगिलच्या वेळचं हवाई दलाचं ऑपरेशन सफेद सागर, दोन्हीत ते होते. अन् ते फ्लाइंग इन्स्ट्रक्टर पण होते, हे कुणी फार सांगत नाही, पण नव्या पोरांचा जीव त्या शिकवण्यावरच असतो ना, मला तर ते लढाईइतकंच मोठं काम वाटतं. मग स्क्वाड्रन, एअरबेस, वेस्टर्न एअर कमांड असं एकेकाचं प्रमुखपद, मग व्हाइस चीफ. ३० सप्टेंबर २०२४ ला रिटायर झाले.

दादाचा पोरगा यंदा दहावीला हाय, त्याला पायलटच व्हायचंय. एका सरांनी तोंडावर सांगितलं, खेड्यातल्या पोरांचं हे काम नाही. मला लई राग आला. अहो, संभाजीनगरला सरकारची एसपीआय (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट) १९७७ पासून हाय, तिथं अकरावी-बारावी करत करत एनडीएची, म्हणजे सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीची, तयारी होते, फक्त तिथली प्रवेश परीक्षा अन् मुलाखत निघावी लागते अन् हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स पाहिजे. एनडीएची तीन वर्षं, मग डुंडीगलच्या हवाई दल अकॅडमीत ट्रेनिंग.

काल रात्री लाईट गेलेली, पोरगं टॉर्चच्या उजेडात त्रिकोणमिती सोडवत बसलेलं. मधीच मान वर करून विचारलं, "काका, डुंडीगल कुठं आलं?" म्हणलं, हैदराबादच्या जवळच हाय, नांदेडहून रेल्वेनं जाता येतं. "मग जवळच की," म्हणला अन् परत वहीत घुसला.