जमिनीतून ऐकू येणारी नदी

डोंगराळ पाणलोट क्षेत्रातील मूळ अडचण अशी, की ज्या पुराची नोंद सर्वाधिक हवी असते, नेमका तोच पूर पात्रातील उपकरणे वाहून नेतो. म्हणूनच काठापासून सुरक्षित अंतरावर पुरलेला भूकंपमापक मला अधिक भरवशाचा वाटतो. खळाळत्या पाण्यामुळे आणि तळाशी आपटत जाणाऱ्या दगडगोट्यांमुळे जमिनीत बारीक कंपने उठतात. सर्वसाधारणपणे दगडांची कंपने पाण्याच्या कंपनांपेक्षा अधिक वारंवारतेची असल्याने ती काही अंशी वेगळी ओळखता येतात. नेपाळमधील त्रिशूली नदीलगतच्या भूकंपमापकांवर पावसाळ्यात वाढणारा गोंगाट नदीच्या प्रवाहाशी जोडलेला असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. (भूकंपशास्त्रज्ञ एरवी जो गोंगाट गाळून टाकतात, तोच येथे कामाचा!) ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडमधील चमोली जिल्ह्यात आलेल्या विनाशकारी लोंढ्याची कंपनेही भूकंपमापकांनी टिपली होती. मात्र कंपनांवरून थेट विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला नदीतून वाहणारे पाणी, काढणे सोपे नाही. पाण्याची पातळी तीच असली, तरी दगड अधिक वाहत असल्यास कंपने वाढतात, शिवाय पाऊस, वारा आणि वाहने आपापली भर घालतात. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष मोजलेल्या विसर्गाशी या नोंदींचा ताळा घ्यावाच लागतो.